अर्धशिशीची नक्षी आणि निसर्गाची घडण

अर्धशिशीचा विकार असलेल्या काही माणसांना डोके दुखू लागण्यापूर्वी एक विलक्षण दृश्य दिसते. दृष्टीच्या मध्याजवळ एखादा ठिपका लुकलुकू लागतो. बघता बघता त्याची कमान होते आणि तिच्या कडेला करवतीसारखे चमकते दाते उमटतात. वीस-पंचवीस मिनिटांत ही कमान वाढत वाढत दृष्टीच्या काठाशी जाते व विरून जाते. डोळे मिटले तरी ती दिसतच राहते. प्रथमच हा अनुभव घेणारा हादरतो. डोळे गेले की बुद्धीला भ्रम झाला, ही शंका त्याला ग्रासते. भाविकाला तो दृष्टांतही वाटतो. या नक्षीचे मूळ शोधण्यासाठी आधी निसर्गाची एक साधी रीत समजून घ्यावी लागते.

फुलकोबीचा तुरा मोडून हाती घेतला तर तो लहानसा गड्डाच भासतो. त्या तुऱ्याचा तुकडाही पुन्हा तसाच. नेच्याच्या पानाचे एकेक पाते म्हणजे सगळ्या पानाची लहान आवृत्ती. अंशात पूर्णाचे रूप दिसावे, या गुणास स्वसदृशता म्हणतात. तिच्यामागे गूढ असे काही नाही. एकच नियम आधीच्या फलावर पुन्हा पुन्हा लावला, की ती आपोआप उत्पन्न होते. माणसाची श्वासनलिका दुभंगते, तिची प्रत्येक शाखा पुन्हा दुभंगते आणि असे सुमारे २३ वेळा घडते. शेवटी कोट्यवधी वायुकोश तयार होतात. प्रत्येक फांदीचा निराळा आराखडा शरीराला बाळगावा लागत नाही. ‘वाढ आणि फूट’ एवढी आज्ञा बहुतांशी पुरते.

अशा आकारांपुढे नेहमीची मोजपट्टी अपुरी पडते. युद्धांच्या कारणांचा अभ्यास करताना ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांना आढळले, की स्पेन व पोर्तुगाल यांच्यामधील एकाच सरहद्दीची लांबी एका ठिकाणी ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्या ठिकाणी १२१४ किलोमीटर दिलेली आहे. लबाडी कोणीच केली नव्हती. माप जितके लहान घ्यावे, तितकी अधिक वळणे मोजली जातात आणि लांबी वाढत जाते. रिचर्डसन यांचे हे संशोधन त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आधारे बेनवा मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीचा प्रश्न मांडला आणि १९७५ साली अशा आकारांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. गणितातील फ्रॅक्टल अनंत पायऱ्या उतरत जातो. निसर्गातील मात्र काही पायऱ्यांनंतर थांबतो.

आता पुन्हा त्या दातेरी कमानीकडे वळू. इंग्लंडमधील डॉक्टर ह्युबर्ट एअरी यांनी १८७० साली स्वतःला दिसलेल्या कमानीची चित्रे प्रसिद्ध केली आणि तिला तटबंदीची उपमा दिली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांनी १९४१ साली आपल्याच अनुभवावरून हिशेब मांडला, की मेंदूच्या दृष्टिकेंद्रातून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने एखादी लाट सरकत असावी. १९४४ साली ब्राझीलचे आरिस्तिदेस लेआओ यांनी सशाच्या मेंदूत साधारण त्याच गतीची लाट प्रत्यक्ष नोंदली.

लाटेची गती जर संथ व एकसारखी, तर कमान काठाकडे जाताना भराभर मोठी का होते? कारण मेंदूतील दृष्टीचा नकाशा समप्रमाण नाही. दृष्टीच्या मध्यभागाला त्यात फार मोठी जागा मिळते, काठाला थोडी. म्हणून मेंदूतील सारख्याच अंतराचे पाऊल दृष्टीत मध्याशी लहान, तर काठाशी मोठे उमटते.

याच नकाशातून दुसरेही एक कोडे सुटते. हाइनरिख क्लूव्हर यांनी १९२० च्या दशकात मेस्कलिन या द्रव्याच्या अमलाखाली दिसणाऱ्या दृश्यांचा अभ्यास केला. त्यांत जाळी, कोळिष्टक, बोगदा आणि मळसूत्री वलय हे चार आकार वारंवार येत. तापाच्या ग्लानीत, झोपेच्या उंबरठ्यावरही असेच आकार दिसतात. एर्मेंट्राउट व कावन या गणितज्ञांनी १९७९ साली दाखवून दिले, की दृष्टिकेंद्रातील समतोल ढळला आणि चेतापेशींच्या क्रियेचे साधे, सरळ पट्टे तयार झाले, तर त्या नकाशामुळे त्यांचेच बोगदे व वलये दिसू लागतील. मध्याशी बारीक, काठाशी मोठे, पण आकार तोच: म्हणजे पुन्हा स्वसदृशताच.

अशा अवस्थेत विश्वाचे रहस्य उलगडले, असे पुष्कळांना वाटते. नेच्याच्या पानातील आणि मिटल्या डोळ्यांपुढील नक्षीत साम्य आहे खरे; परंतु ते साम्य साध्या नियमांच्या सामर्थ्याची साक्ष देते, एखाद्या संदेशाची नव्हे. दिसणारे चेहरे व प्रसंग यांचा उलगडा मात्र या गणिताने होत नाही.

अर्धशिशीच्या रोग्याला या ज्ञानाचा मोठा दिलासा आहे. ती कमान वेडाची खूण नव्हे. तरीही असा अनुभव प्रथमच आला, किंवा त्यासोबत वाचा अडखळली, हातपाय लुळे पडले, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. एरवी त्या चमकत्या दात्यांकडे पाहताना माणसाने एवढे ध्यानी ठेवावे, की त्याला आपल्याच मेंदूची घडण दिसत आहे.