तोच दिवस पुन्हा पुन्हा

आपल्या पिंप्राळ्यात बचत गटाच्या बैठकीत मागे एक जण म्हणाली, "ताई, काल काय केलं नि आज काय केलं, काही फरकच नाही. तीच चूल, तीच कळण्याची भाकर." तेव्हा मला एक सिनेमा आठवला. त्यात बंदुका आहेत, स्फोट आहेत, परग्रहावरचे राक्षसही आहेत. पण गोष्ट मात्र तोच दिवस पुन्हा पुन्हा जगण्याची.

'एज ऑफ टुमॉरो' हा इंग्रजी सिनेमा २०१४ चा. मूळ कादंबरी जपानी, हिरोशी साकुराझाका यांची. टॉम क्रूझने यात केज नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचं काम केलंय. हा नावाचाच अधिकारी, टीव्हीवर गोड बोलून पोरांना भरती करणारा. स्वतःवर वेळ येते तेव्हा पळू पाहतो. मग त्याला पकडून फ्रान्सच्या किनाऱ्यावर लढायला उतरवतात. अंगावर यंत्राचं चिलखत, पण बंदुकीचा खटका कसा उघडायचा हेही ठाऊक नाही. काही मिनिटांत मरतो. डोळे उघडतो तर पुन्हा छावणी, आदला दिवस, तोच शिपाई तसाच ओरडतोय!

हे कसं? त्या राक्षसांचा एक मेंदू कुठेतरी लपलेला असतो. त्यांच्यातला एक खास जीव मेला की तो मेंदू दिवस मागे ओढतो. स्वेटरचा टाका चुकला की आपण उसवतो ना, तसं. पुन्हा विणताना चूक कुठे झाली ते त्यांना माहीत असतं, म्हणून ते हरत नाहीत. असाच एक जीव केजच्या हातून मरतो, त्याचं रक्त केजच्या अंगात भिनतं आणि उसवायची ताकद त्याला मिळते. खऱ्या जगात असं होत नाही, फुटलेलं मडकं आपोआप सांधत नाही. लेखकाला ही कल्पना व्हिडिओ गेमवरून सुचली. पोरं मोबाइलवर खेळतात, मेलं की पहिल्यापासून सुरू.

मला आवडली ती रीटा. एमिली ब्लंटने केलेली ही सैनिक आधी याच फेऱ्यातून गेलेली. तिला दुसऱ्याचं रक्त चढवलं आणि ताकद गेली. केजचं म्हणणं ऐकून सगळे त्याला वेड्यात काढतात, रीटा मात्र काढत नाही. तीच त्याला लढायला शिकवते. पण रोज सकाळी तिलाही काही आठवत नसतं, याला पुन्हा ओळख करून द्यावी लागते. त्याचा हात इतका सफाईदार कसा झाला, किती वेळा मरून झाला, ते फक्त त्यालाच माहीत.

इथे मला आपली भाकर आठवते. ती पातळ, गोल, न फाटता तव्यावर पडते, त्यामागचे हजार दिवस खाणाऱ्याला दिसत नाहीत. सरकारने २०२४ मध्ये लोकांचा वेळ मोजला. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. आणि घरकाम करणारे पुरुष मुळातच थोडे, हे तुम्हाला मी काय सांगू!

असोद्याच्या बहिणाबाई रोज तेच जातं ओढायच्या, तेच शेत निंदायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली म्हणून उरली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक निघालं १९५२ मध्ये.

सिनेमात पुढे केजलाही रक्त चढवलं जातं. आता मेला की मेलाच. हातात उरतं ते एवढ्या दिवसांत शिकलेलं, तेवढ्यावर तो शेवटच्या लढाईला जातो. लढाईचं काय झालं ते नाही सांगत, बघा तुम्ही. शेवटी तो रीटासमोर येऊन उभा राहतो. ती त्याला ओळखत नाही, काय काम आहे म्हणून दरडावते. आणि त्याला हसू फुटतं.