निद्रेची फिर्याद

शाळा उघडण्याचे दिवस आले, की नऊच्या शाळेचा वाद नव्याने डोके वर काढतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत हे शालेय शिक्षण विभागाचे फेब्रुवारी २०२४ मधील फर्मान, त्याआधी दोन महिने तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेविषयी काढलेले उद्गार, आणि त्यावर स्कूलबसवाल्यांपासून संस्थाचालकांपर्यंत अनेकांनी घेतलेल्या हरकती वाचकांच्या स्मरणात असतीलच. त्यांची उजळणी येथे करीत नाही. मला बोलावयाचे आहे ते या हुकुमातून ज्यांची नावे गळाली त्यांच्याविषयी. दोन पाळ्यांत चालणाऱ्या इमारतीत धाकट्यांना नऊनंतर बोलवावयाचे, तर आठवी-नववीच्या थोरल्यांना सातच्या ठोक्याला हजर करण्यावाचून मुख्याध्यापकांपुढे फारसा मार्ग उरत नाही. आणि शरीरशास्त्राचा न्याय लावला, तर उशिरा उठण्याचा पहिला हक्क या थोरल्यांचाच ठरतो.

मेरी कार्स्केडन या अमेरिकन संशोधिकेने १९७६ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात भरविलेल्या उन्हाळी शिबिरांत तीच मुले वर्षानुवर्षे बोलावून, रात्रीचे दहा तास त्यांना निद्रेसाठी मोकळे देऊन पाहिले. वय वाढेल तशी झोपेची गरज उतरत जाईल, अशी तेव्हाची समजूत होती; प्रत्यक्षात मुले मोठी झाली तरी नऊ तासांच्या आसपासच झोपत राहिली, आणि वयात आलेली मुले तेवढे झोपूनही दुपारी अधिक पेंगू लागली. मेलॅटोनिन या निद्रासूचक स्रावाचे रात्रीचे आगमन यौवनारंभी लांबते, हेही पुढे सिद्ध झाले. तेव्हा अकरापूर्वी डोळा न लागणे हा पुष्कळ घरी समजला जातो तसा उनाडपणा नसून शरीरधर्म आहे. कॅलिफोर्नियाने २०१९ साली याची कायद्यानेच दखल घेतली, आणि ग्रामीण भागाचा अपवाद ठेवून १ जुलै २०२२ पासून तेथील हायस्कुले सकाळी साडेआठच्या आत भरेनाशी झाली.

इथवरची कैफियत घड्याळाची. परंतु पेंगणाऱ्या प्रत्येक मुलाचे दुखणे घड्याळातच शोधणे ही वडीलधाऱ्यांची मोठी सोय आहे, कारण घड्याळाला जाब विचारावा लागत नाही. बसच्या मागच्या बाकावर रोज टपल्या खाणारा, रंगावरून वा आडनावावरून चिडविला जाणारा, किंवा वर्गातल्या साऱ्या मुलींनी ठरवून अबोला धरल्यामुळे मधल्या सुटीत एकटीच डबा खाणारी, ही मुले रात्री जागतात ती केवळ मेलॅटोनिनच्या विलंबामुळे नव्हे. उद्याचा दिवस त्यांना निजू देत नाही. जो जीव स्वतःला संकटात समजतो, त्याचे शरीर पहाऱ्यावर राहते. अशा सावधपणात झोप लागली तरी ती उथळ असते. मागील महिनाभरात सवंगड्यांकडून छळ सोसलेली मुले जगात जवळजवळ तिघांत एक आहेत, असे युनेस्कोने २०१९ साली नमूद केले. तेव्हा हा प्रकार विरळा म्हणता येणार नाही.

इंग्लंडात ब्रिस्टल शहराच्या परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला आहे. त्यांतील सहा हजारांहून अधिक मुलांची आठव्या व दहाव्या वर्षी छळाविषयी, आणि बाराव्या वर्षानंतर झोपेविषयी विचारपूस झाली. वॉरिक विद्यापीठाच्या डीटर वोल्के व तान्या लेरेया यांनी २०१४ साली त्यावरून दाखविले, की छळ सोसलेल्या मुलांना दुःस्वप्ने पडण्याचे व रात्री किंचाळून उठण्याचे प्रमाण पुढे अधिक राहिले. जी मुले छळ सोसतही होती आणि दुसऱ्यांना छळतही होती, त्यांची अवस्था सर्वांत वाईट. आणि जी नुसतीच छळणारी, ती बिनघोर झोपलेली! हे वाचून नियतीचा न्याय कोणता म्हणावा, असा प्रश्न पडतो.

मात्र याच प्रकरणाला दुसरी बाजू आहे, आणि मला तीच अधिक विचार करावयास लावणारी वाटते. मिशिगन विद्यापीठातील लुईझ ओ'ब्रायन यांनी २०११ साली तेथील प्राथमिक वर्गांची पाहणी केली, तेव्हा दांडगाई करणाऱ्या मुलांत दिवसा पेंगण्याचे व घोरण्याचे प्रमाण इतरांहून जास्त आढळले. आईबापांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवर आणि एकाच वेळच्या पाहणीवर कार्यकारणभावाचा इमला उभारू नये, हे मला मान्य आहे; ब्रिस्टलच्या निष्कर्षाशी हा नीट जुळत नाही, हेही उघड आहे. तरीही वर्गात ज्याच्या नावाने सर्व खडे फोडतात त्या दांडग्याच्या झोपेचीही चौकशी करावी, एवढे त्यातून निश्चित शिकण्यासारखे आहे. शिक्षेचे हत्यार उगारण्यापूर्वी, घोरण्यामागे असू शकणाऱ्या त्याच्या टॉन्सिल्सही तपासाव्यात.

कायदा आपल्याकडे नाही असे नाही. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमात विद्यार्थ्याला मानसिक इजा पोहोचविणे, त्याला भीती वा लाज वाटावयास लावणे हेही अपराध आहेत, दोन वर्षांपर्यंत कैदेची आणि दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी असेही बंधन आहे. परंतु हे सारे यंत्र हलते ते लेखी तक्रारीवर. आणि चौदा वर्षांचा मुलगा सर्व काही लिहील, पण हे लिहिणार नाही. घरी सांगण्याचीही त्याला चोरी असते, कारण व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आपली टर उडविली जाते असे त्याने म्हटले, की पहिला इलाज म्हणून त्याचाच फोन जप्त होतो. मग तक्रार वेगळ्या वाटेने बाहेर पडते: सोमवारची डोकेदुखी, परीक्षा नसतानाचे जागरण, एरवी शहाण्या मुलीचे पहाटे दचकून उठणे, आणि हजेरीपटावर एकाच नावापुढे साचत गेलेले उशिराचे शेरे.

ही फिर्याद दाखल करून घेणारा कोणी हवा. उशिरा येणाऱ्याला वर्गाबाहेर उभे करण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे, तिच्याऐवजी महिन्याकाठी वर्गशिक्षकांनी हजेरीपट चाळून, वारंवार उशिरा येणाऱ्या वा बाकावर डोके टेकणाऱ्या मुलाला एकांतात नेऊन, “किती वाजता झोपतोस?” याच्या जोडीला “मधल्या सुटीत कोणाबरोबर असतोस?” एवढे विचारले, तरी पुष्कळ प्रकरणे पोलीस ठाण्याची पायरी चढण्यापूर्वी मिटतील. या कामाला निधी लागत नाही, समिती लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा वेळ, आणि नेमका तोच आपण त्याला निवडणुकीच्या याद्यांत व सर्वेक्षणांत खर्च करावयास लावतो. सरकारने पुढचा हुकूम काढताना थोरल्यांची शाळाही नऊपर्यंत जरूर न्यावी, पण त्याच कागदावर शिक्षकाला हा वेळ परत द्यावा. अन्यथा छळ सोसणारा मुलगा सातऐवजी नऊ वाजता त्याच बाकावर, त्याच सोबत्यांच्या शेजारी जाऊन बसेल, आणि शासनदरबारी मात्र त्याच्या झोपेचा प्रश्न निकालात निघाल्याची नोंद होईल.