पाण्याची पाळी आणि निचऱ्याचा चर

कालवा शिवारांत आला म्हणजे आपण पाण्याच्या पाळीची चौकशी करतों. पण पिकास देऊन उरलेलें पाणी कोणत्या वाटेनें जाणार, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः पाणी शेतांत आणणें व जास्त झालेलें पाणी शेतांतून काढणें हीं एकाच कामाचीं दोन अंगें होत. पहिल्या अंगासाठीं आज ठिकठिकाणीं पाणीवापर संस्था निघाल्या आहेत. दुसरें अंग मात्र बहुधा निराधार पडलें आहे. तेंही संस्थेनेंच आपल्या हातीं घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

याचा धडा आपल्याच मुलखांत आहे. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर सुमारें तीन-चारशें वर्षांपासून फड पद्धति चालत आली. नदीस बंधारा घालावयाचा, त्यांतून पाट काढावयाचा, आणि पाटाखालील जमिनीचे तीन किंवा चार फड पाडावयाचे, अशी तिची रचना. एका फडांत एका वेळीं एकच पीक. एका फडांत ऊस असला, तर दुसऱ्यांत हंगामी पिकें घ्यावयाचीं, आणि पुढें त्यांची अदलाबदल करावयाची. बहुतेक खातेदारांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडांत असे. त्यामुळें पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी तोटा सर्वांच्या वांट्यास सारखा येई. पाणी देण्याचें काम पाटकऱ्याचें, पिकाच्या राखणीचें काम जागल्याचें, आणि या सर्वांवर हवालदाराची देखरेख. त्यांस मोबदला गांवकऱ्यांनीं द्यावयाचा व पाटाचा गाळही गांवकऱ्यांनींच काढावयाचा.

या रचनेंत चारींच्या जोडीला ‘सांडम’ असत, म्हणजे जास्तीचें पाणी बाहेर काढून देणाऱ्या वाटा. उसाची जागा बदलत राहिल्यानें एकाच जमिनीवर वर्षानुवर्षें पाण्याचा मारा होत नसे. पाणी देणारी व्यवस्था आणि पाणी काढणारी व्यवस्था एकाच हातीं होती, हें त्या जमिनी दीर्घकाळ टिकून राहण्याचें एक मोठें कारण होय.

मोठ्या कालव्यांवर हें सूत्र तुटलें. निरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. तेथें ऊस वाढला, पाणी मोकाट दिलें गेलें, आणि थोड्याच दशकांत खोलगट काळ्या जमिनी चिबडूं लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं याच कालव्यावर ब्लॉक पद्धति आणली. ब्लॉकचा ठराविक भागच उसाखालीं असावा व पिकांचा फेर पाळला जावा, हा तींतील मुख्य विचार. फड पद्धतीशीं तिचें साम्य वाचकांच्या सहज ध्यानांत येईल. तथापि चिबडीचा प्रश्न पुढेंही राहिलाच.

त्याचें कारण सोपें आहे. मुरलेल्या पाण्यास वाट न मिळाल्यास जमिनीखालील पाण्याची पातळी वर चढते. मुळांस हवा मिळेनाशी होते. तें पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागीं येऊन उडून जातें आणि बरोबरचे क्षार तेथेंच ठेवतें. आज पांढरी दिसणारी जमीन एका वर्षांत बिघडलेली नसते. तिचा बिघाड जमिनीखालीं पुष्कळ आधींपासून चाललेला असतो.

आतां संस्थांकडे वळूं. महाराष्ट्रांत २००५ सालीं शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचें व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. त्या अन्वयें संस्थेस पाण्याचा हक्क ठरवून दिला जातो, पाणी घनमापानें मोजून मिळतें, आणि त्या कोट्यांत कोणतें पीक घ्यावें हें सभासदांनीं ठरवावयाचें असतें. कार्यकारी मंडळावर वरच्या, मधल्या व शेपटाच्या अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधि असतात. शेपटाच्या शेतकऱ्याची तहान मुखाच्या शेतकऱ्यास कळावी, हा त्यांतील हेतु. नाशिक जिल्ह्यांतील वाघाड प्रकल्पावर ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राच्या प्रयत्नांनीं अशा संस्था उभ्या राहिल्या, आणि पुढें संपूर्ण प्रकल्पाचें पाणी-व्यवस्थापन त्यांच्या संघाकडे आलें. पाणी मोजून घेतलें व मोजून दिलें, म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याचा हिशेब दिसूं लागतो. आणि वाया जाणारें पाणी कमी करणें हा निचऱ्याचा पहिला व सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पण जेथें जमीन आधींच चिबडली आहे, तेथें एवढ्यानें भागत नाहीं. तेथें चर हवा, किंवा जमिनीखालीं सच्छिद्र नळ्या हव्यात. येथेंच एकट्या शेतकऱ्याचा हात तोकडा पडतो. माझ्या शेतांतील चर शेजाऱ्याच्या बांधापाशीं संपला, तर माझें दुखणें मी त्याच्या शेतांत सोडलें इतकेंच. चरास ओढ्यापर्यंत जावें लागतें, आणि ओढा अनेकांच्या बांधांवरून जातो. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ येथील श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन भूमिगत निचऱ्याच्या नळ्या घातल्या व क्षारपड जमिनी पुन्हा लागवडीस आणल्या. जें एकट्यास साधत नाहीं तें समाईक व्यवस्थेनें साधतें, याचा याहून दुसरा पुरावा कशास हवा?

यास्तव प्रत्येक संस्थेनें चार गोष्टी कराव्यात, अशी आमची सूचना आहे. पहिली, आपल्या क्षेत्राच्या नकाशावर चाऱ्यांबरोबर ओढे, नाले व जुने चरही दाखवावेत. दुसरी, सखल भागांत निरीक्षणासाठीं खोल छिद्रें घेऊन पाण्याची पातळी दरमहा वहींत नोंदवावी. ती जमिनीखालीं २ मीटरच्या आंत आली कीं धोका समजावा. तिसरी, पाणीपट्टीबरोबर निचऱ्यासाठीं एकरीं लहानशी वेगळी वर्गणी ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वीं चर साफ करावेत. चौथी, चर बुजवून त्यावर पीक घेणाऱ्यास, तो मंडळाचा सभासद असला तरी, पाणी चोरणाऱ्याइतकेंच दोषी धरावें.

जिप्समासारखीं भूसुधारकें वापरण्याचा सल्ला चोपण जमिनीसाठीं योग्यच आहे. परंतु निचऱ्यावांचून तो खर्च पाण्यांत जातो. चुकलेली पाळी पुढच्या आवर्तनांत कदाचित् भरून काढतां येईल. खारवलेली जमीन सुधारण्यास मात्र अनेक वर्षें व पुष्कळ पैसा लागतो. म्हणून येत्या वार्षिक सभेंत पाळीपत्रकाबरोबर चरांचाही विषय सभासदांनीं अवश्य मांडावा.