गाडीतला कुकर

आपल्यापैकी कितीतरी जणी आता गाडी चालवतात. मुलांना क्लासला सोडतात, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेतात, बचतगटाचा माल तालुक्याला पोचवतात. पण बॉनेट उघडायची वेळ आली की म्हणायचं, 'त्यातलं आपल्याला काय कळतं?' मला हे अजिबात पटत नाही. जिला कुकर कळतो, तिला कूलंट कळायला पाच मिनिटं पुरतात.

कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि १०० अंशांना उकळणारं पाणी १२०च्या आसपास उकळतं. रेडिएटरचं (काही गाड्यांत कूलंटच्या टाकीचं) झाकण हेच काम करतं. इंजिनाभोवती फिरणारं कूलंट साधारण ९० अंशांवर असतं, चढावर आणखी तापतं. दाबामुळे ते उकळत नाही. आता कुकरची रिंग सैल झाली तर? वाफ फुसफुसते, पाणी आटतं, डाळ करपते. झाकणाचं रबर झिजलं की गाडीत तेच होतं, फक्त करपतं ते इंजिन.

आमच्या गटातली एक मैत्रीण चिपळूणहून कराडला कोकम आणि पापड नेते. कुंभार्ली घाटात तिच्या जुन्या गाडीचा काटा दर वेळी लालपर्यंत जायचा. एका गॅरेजवाल्याने दोनदा नुसतं पाणी भरलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, हेड गेलंय, इंजिन खोलावं लागेल." आकडा ऐकून ती गाडी विकायलाच निघाली. गाडी गेली असती तर आठ-नऊ घरांचा माल पडून राहिला असता. मी म्हटलं, आधी दुसऱ्याला दाखव आणि 'प्रेशर टेस्ट करा' एवढंच सांग. (हे मला आमच्या शेजारच्या, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या काकांनी शिकवलेलं.) दुसऱ्या मिस्त्रीने थंड गाडीला हातपंप लावून दाब भरला. खालचा होज पाइप क्लिपपाशी चिरलेला निघाला आणि झाकणाचं रबर पापडासारखं कडक! दोन्ही बदलून, नवं कूलंट भरून काम दोन हजारांच्या आत झालं. हेड शाबूत होतं.

नुसतं पाणी का नको? बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तसाच तो इंजिनाच्या आतही बसतो. शिवाय गंज चढतो. कूलंटमधली औषधं गंज रोखतात, पण काही वर्षांनी त्यांचा जोर संपतो. केव्हा बदलायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. आणि हो, बहुतेक कूलंट गोडसर पण विषारी असतं. उरलेलं पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलं, मांजरं, कुत्री चाटतात.

सकाळी गाडी थंड असताना टाकीतली पातळी 'मिन' आणि 'मॅक्स'च्या मध्ये आहे का बघा. होज दाबून बघा, भेगा दिसतात का. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर ते बहुधा एसीचं, घाबरू नका. हिरवं, गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागलं तर गळती आहे.

घाटात काटा चढला किंवा लाल दिवा लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू. मे महिन्यात वेडेपणा वाटेल, पण इंजिनाची उष्णता त्यातून बाहेर पडते. बाजूला सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा, निदान अर्धा तास थांबा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, मागे ट्रकवाला कितीही घाई करो. कुकरचं उघडतो का आपण?

कुठेच गळती नसताना पातळी सारखी उतरत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहत असेल, किंवा ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल, तर मात्र हेड गॅस्केटची शंका खरी. गाडी चालवू नका, ओढून न्या.

नवं झाकण घेताना जुन्यावरचा आकडा वाचून घ्या. ०.९ असेल तर ०.९च. 'सगळ्यांना एकच बसतं' असं दुकानदार म्हणाला, तरी.