वांगणीचा अंधार

दर ऑगस्टात बातमी येतेच : ‘आज रात्री तारे बरसणार!’ ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव 12-13 ऑगस्टला भरात असतो, हे खरे. पण त्या रात्री महाराष्ट्रात पाऊस कोसळत असतो, हे बातमीदाराच्या गावीही नसते. ती मौज युरोप-अमेरिकेतल्या उन्हाळ्याची.

आपल्या उन्हाळ्याच्या उल्का मेमध्ये, कुंभ राशीतून येतात. त्यांची धूळ हॅलेच्या धूमकेतूची. तो 1986 मध्ये येऊन गेला तो फिकाच. पण त्याने लोकांना आकाशाचे वेड लावले आणि त्याच लाटेत मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले.

मग आले नव्वदीचे दशक. संध्याकाळची कर्जत लोकल पकडायची, वांगणीला उतरायचे, मोकळ्यावर सतरंजी अंथरून आडवे व्हायचे. दुर्बीण इथे कुचकामाची. उल्का कुठे चमकेल याचा नेम नसतो, तेव्हा जितके आकाश डोळ्यांत मावेल तितके बरे. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटे लागतात, म्हणून टॉर्चवर लाल जिलेटीन कागद गुंडाळलेला. कोणी काडी ओढली की सगळीकडून ओरडा! रात्री तीनच्या सुमारास वृश्चिक-धनूमधली आकाशगंगा दक्षिणेला उभी ठाके, कुंभ पूर्वेला वर येई. सेकंदाला 66 किलोमीटर वेगाने येणाऱ्या या उल्का संख्येने थोड्याच, पण एखादी अर्धे आकाश चिरत जाई आणि मागे धुरकट रेघ क्षणभर रेंगाळे. वहीवाला वेळ टिपे, बाकीचे ‘पाहिली, पाहिली!’ करत.

भाव मात्र खाल्ला नोव्हेंबरच्या सिंह राशीतल्या उल्कांनी. 1998 मध्ये त्यांचे अग्निगोल भाकितापेक्षा सुमारे 16 तास आधीच येऊन गेले. छापील वेळेवर विसंबलेले दुसऱ्या रात्री माना वर करून बसले!

त्यानंतरचे सांगण्यासारखे फार नाही. बदलापूरच्या इमारती सरकत सरकत वांगणीला भिडल्या, पांढऱ्याफटक एलईडी दिव्यांनी उरलेले आकाश धुऊन काढले. रस्त्याला उजेड हवाच. तो ढगांवर कशाला पाडायचा? जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. वाघाप्रमाणे आता अंधारालाही राखीव जंगल लागते.

हॅले परतेल 2061 मध्ये. त्याची धूळ मात्र दर मेमध्ये येते, आणि 2027 साली 6 मेला अमावास्या आहे. गावाकडे जाणार असाल, तर त्या पहाटे तीनला उठून अंगणातला दिवा तेवढा बंद करा.