विण्यानंतर बसलेली गाय

तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दुधाची संकरित गाय रात्री सुखरूप विते. वासरू उभे राहते, जारही वेळेवर पडतो. सकाळी मात्र गाय उठत नाही. मान एका कुशीकडे वळवून ती निस्तेज बसून राहते; नाकपुडी कोरडी, कान थंडगार, रवंथ बंद, शेणही नाही. बाळंतपणाचा शीण असेल असे समजून गोठ्यातील माणसे तिच्या अंगावर पोते टाकतात आणि दुपारपर्यंत वाट पाहतात. कित्येक गाई त्याच दुपारी हातच्या जातात.

या विकाराला दुग्धज्वर म्हणतात. नाव फसवे आहे, कारण यात ज्वर नसतोच. उलट शरीराचे तापमान नेहमीपेक्षा उतरलेले असते. खरा बिघाड असतो तो रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटण्याचा. निरोगी गाईच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते ५ च्या आसपास आले की स्नायूंतील बळ जाते. पाय उचलत नाहीत, कोठीपोट थांबते, पोट फुगते; आणि हृदय हाही स्नायूच असल्याने अखेर तेही क्षीण होते. उपचार न मिळाल्यास बहुतेक गाई अर्ध्या-एक दिवसात दगावतात.

यामागचा हिशेब व्यापारी कुटुंबांना सहज उमगेल असा आहे. मोठ्या गाईच्या हाडांत सात-आठ किलो कॅल्शियम साठलेले असते. रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात मात्र एका वेळी आठ-दहा ग्रॅमच खेळते असते. एक लिटर चिकाबरोबर दोन ग्रॅमांहून थोडे अधिक कॅल्शियम बाहेर जाते. पहिल्या दिवशी दहा लिटर चीक निघाला, तर वीसहून अधिक ग्रॅम गेले. कोठार मालाने भरलेले, पण गल्ल्यात रोकड नाही, अशा पेढीसारखी ही गाय अडते. कोठाराची किल्ली मानेतील परावटू ग्रंथींच्या संप्रेरकाकडे आणि ड जीवनसत्त्वाकडे असते. पहिलारू कालवडीत ही किल्ली चटकन फिरते, वयस्क गाईत ती संथ होते; म्हणून हा विकार तिसऱ्या वेतापासून अधिक दिसतो. जर्सी गाई त्याला विशेष बळी पडतात. कमी दुधाच्या देशी गाईत तो क्वचित आढळतो. दुधाळ म्हशी मात्र त्यातून सुटलेल्या नाहीत.

हे कारण कळण्याआधीच त्यावर उपाय सापडला होता, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक नवलाचा प्रसंग होय. डेन्मार्कमधील कोल्डिंग गावचे पशुवैद्य यूर्गेन श्मिट यांचा समज असा होता, की कासेत काही विष तयार होते आणि ते गाईला पाडते. १८९७ मध्ये त्यांनी त्यावर उतारा म्हणून सडांतून कासेत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण सोडण्याचा उपचार प्रसिद्ध केला, आणि गाई उठू लागल्या! पुढे काही वर्षांतच लक्षात आले, की औषधाची गरजच नाही. कासेत नुसती हवा भरली तरी गाय उठते. मग कोठे सायकलच्या पंपानेही कासा फुगवल्या जाऊ लागल्या. विष कधी नव्हतेच. हवेच्या दाबाने दूध उतरणे थांबत होते आणि कॅल्शियमची गळती बंद होत होती, एवढेच. रक्तातील कॅल्शियमच्या उणिवेवर १९२५ मध्ये एडिंबरा येथील ड्रायर आणि ग्रेग या संशोधकांनी बोट ठेवले, आणि १९३० नंतरच्या दशकात कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची शिरेतील सलाईन रूढ झाली. कासेत जंतू शिरून कासदाह होण्याचा धोका असल्याने हवा भरण्याची रीत मागे पडली, ते योग्यच झाले.

या सलाईनचा परिणाम पाहणाऱ्याला चकित करतो. बाटली संपत येते तोच गाईच्या अंगावर थरथर उमटते, ढेकर येते, ती शेण टाकते आणि पुष्कळदा थोड्याच वेळात स्वतःच्या पायांवर उभी राहते. परंतु हेच औषध भराभर सोडल्यास हृदय बंद पडते. ते शरीराच्या उष्णतेइतके कोमट करून, हृदयाचे ठोके ऐकत, पंधरा-वीस मिनिटे घेऊन द्यावे लागते. म्हणून हे काम पशुवैद्यकाचेच. त्यांच्या येण्याआधी करण्यासारखे थोडेच असते: गाय आडवी पडली असेल तर तिला पोटावर सरळ बसवून दोन्ही बाजूंनी पेंढ्याच्या गंजीचा आधार द्यावा, खाली मऊ पेंढा किंवा वाळू पसरावी, दर दोन-तीन तासांनी कूस पालटावी. पाच-सहाशे किलोंचा देह कठीण फरशीवर एका कुशीवर राहिला, तर काही तासांतच मांडीचे स्नायू चेंगरतात. मग कॅल्शियम पूर्ववत होऊनही गाय उठत नाही. आणि बसलेल्या गाईला गूळपाणी, काढा वा औषध नळीने पाजणे हा तर घातच. घशाचे स्नायू दुबळे झालेले असल्याने ते पाणी फुप्फुसात उतरते.

पशुखाद्याच्या व्यवसायात अनेक जैन कुटुंबे आहेत. ढेप, सरकी, भुसा आणि खनिज मिश्रणे घेण्यास आलेला शेतकरी गाभण गाईविषयी सल्लाही विचारतो, आणि दुकानदार सद्भावनेने सांगतो, "शेवटच्या महिन्यात कॅल्शियम चालू करा." सल्ला तर्काला धरून वाटतो, पण येथे तर्क फसतो. भाकड काळात आयते कॅल्शियम मिळत राहिले, तर हाडांतून ते सोडवून घेण्याची शरीराची सवय मोडते आणि नेमक्या मागणीच्या दिवशी ग्रंथी जागी होण्यास उशीर लागतो. लसूणघासाचेही तसेच, त्यात कॅल्शियम आहे आणि पोटॅशियमही भरपूर आहे. पोटॅशियमने रक्त अल्कधर्मी होते आणि परावटू संप्रेरकाची हाक हाडांना नीट ऐकू येत नाही. विण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत लसूणघास आणि खाण्याचा सोडा बंद ठेवून कडबा, मक्याचा चारा, बेताचा खुराक आणि पुरेसे मॅग्नेशियम देणे हिताचे. याच तीन आठवड्यांपुरते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावयाचे ऋणभारी क्षारही मिळतात. कॅल्शियमच्या जेलची योग्य वेळ विण्यानंतर लगेच आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी, तेही गाय उभी असून नीट गिळत असेल तरच. दुकानाचा माल तोच राहतो. केवळ तारीख बदलते.

गोशाळांच्या विश्वस्तांनी आणखी एका गोष्टीकडे पाहावे. पाय न टेकणारी गाय दिसते तरी. कॅल्शियम थोडेसेच घटलेली गाय उभी राहते, चालते, फक्त चारा थोडा सोडते. अमेरिकेतील कळपांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या वेताच्या सुमारे चतुर्थांश आणि तिसऱ्या वेताच्या जवळपास निम्म्या गाईंत अशी छुपी उणीव आढळली. जार अडकणे आणि गर्भाशयाचा दाह यांची मुळे पुष्कळदा तेथेच असतात. देणगीतून चाऱ्याची गंज उभी राहते, हे उत्तमच. पण गाभण गाईंसाठी वेगळा कोपरा, विण्याच्या अपेक्षित तारखांची वही आणि त्या कोपऱ्यात मातीची मऊ जमीन यांना देणगीपाटी मिळत नसल्याने त्या अनेकदा राहून जातात. वहीत तारीख असेल तर विण्यानंतरचे तीन दिवस रात्रीही एखादा माणूस गाईवर लक्ष ठेवू शकतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा.

सलाईननंतर उठलेल्या गाईंपैकी साधारण चौथा हिस्सा पुन्हा बसतो, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत कास पूर्ण रिकामी करू नये. वासराला पोटभर चीक पाजावा, कास मोकळी वाटेल इतपत दूध काढावे आणि उरलेले सडांतच राहू द्यावे. डेअरीच्या गाडीला त्या दोन सकाळी थोडे कमी दूध जाते.