पेंढ्यातला कोळी आणि पोत्यातला ओलावा

पालघर, मनोर, वाडा, विक्रमगड या पट्ट्यात गवत हा किरकोळ माल कधीच नव्हता. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी इथल्या माळांवरच्या गवतावर पोसल्या गेल्या. १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली मजुरांनी संप केला, तेव्हा ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत ही त्यांची मागणी होती. एवढ्या कष्टाने कापलेला चारा, आणि त्याच्या शेजारी साठवलेले भात, कोंडा, पेंड, हे सगळे पावसाळ्यात नासवणारा एक जीव मात्र आपल्या नजरेत येत नाही. पोत्याच्या तळाशी साठलेल्या तांबूस भुकटीला आपण धूळ म्हणतो आणि तिच्यात सोंडे किंवा टोके नाहीत ना, एवढेच पाहतो. त्या भुकटीत अनेकदा माइट, म्हणजे कोळ्याच्या नात्यातले आठ पायांचे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे जीव असतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. भुकटीचा किंवा पिठाचा छोटा ढीग करून त्याचा माथा चमच्याने गुळगुळीत करावा. काही तासांत तो खडबडीत होऊन ढासळला, तर आत हालचाल आहे. पिठाला पुदिन्यासारखा उग्र वास येणे ही दुसरी खूण.

माझे म्हणणे एवढेच की या जिवाशी लढायचे ते विषाने नव्हे, ओलाव्याशी लढून. त्याचे कारण त्याच्या शरीरात आहे. या माइटांची कातडी पातळ असते, पाणी ते बहुतांशी हवेतूनच शोषतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली, तर ते सुकत जातात. ८० च्या पुढे गेली आणि तापमान २५ अंशांच्या आसपास असले, तर अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत उरकतो. तारापूर-बोईसरच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा नेमकी तशीच असते. धान्य या हवेशी बरोबरी साधते: आर्द्रता ७५ टक्के असेल तर भात साधारण १४ टक्के ओलाव्यापाशी स्थिरावते, आणि त्याच्या पुढे बुरशी व माइट एकमेकांच्या मदतीने वाढतात. माइट बुरशी खातात, तिचे बीजाणू अंगावर घेऊन दाण्यादाण्यावर पोचवतात, आणि दाण्याचा कोंब आधी कुरतडतात. बियाणे उगवत नाही ते यामुळेही. वाळवलेल्या मासळीवरही याच गटातल्या काही जाती वाढतात, तेव्हा किनाऱ्यावरच्या घरात सुकट आणि पेंड दोन्ही एकाच दमट कोपऱ्यात ठेवणे बरे नाही.

औषधाच्या गोळ्या टाकल्या की प्रश्न मिटतो, असे म्हणणारे बरेच भेटतील. त्या गोळ्यांतून सुटणाऱ्या फॉस्फिन वायूने प्रौढ माइट मरतात हे खरे. पण अंडी त्याला चिवटपणे टिकून राहतात, काही जातींची एक मधली अवस्थाही तशीच चिवट असते, आणि माल ओला राहिला तर महिन्याभरात पुन्हा तीच भुकटी. शिवाय ज्या घरात माणसे झोपतात तिथे हा वायू जीवघेणा आहे. त्याचा वापर प्रशिक्षित आणि अधिकृत माणसांपुरताच मर्यादित ठेवला आहे तो त्यासाठीच. ढोरे तर काहीही खातात, एवढ्याशा किडीने काय बिघडणार, हा आक्षेप अधिक घातक वाटतो. जनावर खाते म्हणजे त्याला पोषण मिळते असे नाही, कारण दाण्यातला सर्वात पौष्टिक भाग आधीच गेलेला असतो. आणि ती भुकटी माणसाच्या नाकात जाते. १९७९ साली स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरल्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात गोठ्यातला दमा आणि वाहते नाक या साठवणीतल्या माइटांशी जोडले गेले. वखारीत दिवसभर गाठी उचलणाऱ्या हमालाचा खोकला धुळीचा म्हणून सोडून देण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

कोकणातल्या पावसात कोरडे राहणार तरी कसे, हा प्रश्न मात्र रास्त आहे. हवा कोरडी करता येत नाही, पण हवा मालापर्यंत किती पोचते हे ठरवता येते. नीट वाळवलेले धान्य हवाबंद पिंपात किंवा पिशवीत ठेवले, तर ओलावा आत शिरत नाही आणि प्राणवायू संपला की कीडही मरते. शेणामातीने लिंपलेली, जमिनीपासून उचललेली कणगीही ओल बऱ्यापैकी अडवत असे. सिमेंटच्या जमिनीवर भिंतीला टेकून रचलेली पोती तिच्यापेक्षा वाईट. गवताचे नेमके उलट. ते कोंडले तर तापते आणि बुरसटते, म्हणून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, वर छप्पर आणि बाजूंनी वारा अशीच गंजी हवी. परतीच्या पावसात कापलेले गवत अर्धवट वाळलेले असताना दाबून त्याच्या गाठी बांधल्या, तर पुढची कोणतीही काळजी फुकट जाते.

अर्धवट वाळलेला माल बाजारात येतो, तो निष्काळजीपणापेक्षा हिशेबामुळे. गवत वजनावर विकले जाते आणि पाण्यालाही वजन असते. सरकारी भात खरेदीत ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे, म्हणजे सुरक्षित साठवणीच्या रेषेपेक्षा तीन-चार टक्के वर. खरेदीला ती सोयीची असेल, पण तेच भात पुढे महिनोन्महिने ठेवायचे तर ती पुरत नाही. तेव्हा काट्याशेजारी ओलावामापक असावा, आणि कोरड्या मालाला किलोमागे जास्त भाव मिळावा. वाळवताना घटणाऱ्या वजनाची भरपाई झाली, तरच शेतकरी आणखी दोन दिवस उन्हाची वाट पाहील.